दहा फुटांवरची टोपली आणि कोल फील्ड हाउसचे दार

वास्तू नेहमी ‘तथास्तु’ म्हणत असते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. म्हणूनच घरात वावगे बोलू नये, असे वडीलधारी माणसे मुलांना बजावीत असत. समजूत खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. तिच्यामागचा भाव मात्र विचार करण्याजोगा आहे. वास्तू स्वतः काही ठरवीत नाही. तिच्यात वावरणारी माणसे जे बोलतात आणि जसे वागतात, त्याला ती होकार देते, आणि तेच पुढे तिचा इतिहास होऊन बसते. शाळेला साठ वर्षे पूर्ण होतात तेव्हा तिच्या भिंती, वर्ग आणि मैदान यांच्या आठवणींनी मन भरून येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी दूरच्या एखाद्या वास्तूचा इतिहासही पाहावा. दुसऱ्याचे अंगण पाहून परतले की आपल्या अंगणातले कोपरे अधिक स्पष्ट दिसू लागतात.

ही वास्तू अमेरिकेतील मेरिलँड राज्यात, राजधानी वॉशिंग्टनच्या अगदी जवळ, कॉलेज पार्क या गावी आहे. मेरिलँड विद्यापीठाच्या आवारातील हे बंदिस्त बास्केटबॉल क्रीडागृह ‘कोल फील्ड हाउस’ या नावाने ओळखले जाते. १९५५ ते २००२ अशी ४७ वर्षे तेथे बास्केटबॉलचे सामने झाले. या काळात तेथील लाकडी जमिनीवर जे घडले, त्याची दखल क्रीडापृष्ठांच्या पलीकडे जाऊन अमेरिकेच्या सामाजिक इतिहासालाही घ्यावी लागली.

टोपलीची उंची

बास्केटबॉल हा खेळ मुळात जन्मला तोच चार भिंतींच्या आत. १८९१ च्या डिसेंबर महिन्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ नावाचे तरुण शिक्षक एका नेहमीच्या अडचणीशी झगडत होते. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत व्यायामाला कंटाळलेली मुले! त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांना पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, फुटबॉलचा चेंडू घेतला, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा मुलांचे दोन संघ करून त्यांना खेळायला लावले. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर राहिली. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, टोपलीची जागा लोखंडी कडे आणि जाळीने घेतली, तरी ती उंची बदललेली नाही. एका वर्गाला शांत ठेवण्याच्या खटपटीतून जगभर खेळला जाणारा खेळ निर्माण झाला, ही गोष्ट शिक्षकांना विशेष सुखावणारी आहे. आपल्या देशाशीही स्प्रिंगफील्डचे नाते आहे. तेथेच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. भारतातील कित्येक शाळांना खेळाचे शिक्षक देणारी परंपरा तेथून सुरू झाली.

टोपली सर्वांना सारख्याच उंचीवर असते. चेंडू टाकणारा कोणाचा कोण, कोणत्या रंगाचा, कोणत्या घरचा, हे तिला ठाऊक नसते. हा या खेळाचा मूळ न्याय. परंतु टोपलीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी क्रीडागृहाचे दार ओलांडावे लागते, आणि दाराची गोष्ट निराळी असते. दार माणसांच्या हाती असते. कोल फील्ड हाउसचा इतिहास हा मुख्यतः या दाराचा इतिहास आहे.

दाराबाहेरची माणसे

अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या शाळांत शिकवण्याची पद्धत कायद्याने चालत असे. मेरिलँडमध्येही तीच रीत होती. कॉलेज पार्क येथील विद्यापीठात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. पॅरेन मिचेल नावाच्या तरुणाला समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात बसण्यासाठी न्यायालयात जावे लागले. १९५० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९५२ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. हेच मिचेल पुढे मेरिलँडमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. १९५१ मध्ये हायरम व्हिटल यांच्या रूपाने पदवीपूर्व वर्गातही पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला. त्यानंतर १९५४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

त्या काळात विद्यापीठाचे अध्यक्ष होते हॅरी बर्ड. विद्यापीठाचा विस्तार त्यांनी मोठ्या धडाडीने केला. मात्र वर्णभेदाच्या धोरणाचे ते समर्थकही होते. माणसाच्या हातून घडलेल्या चांगल्या आणि वाईट गोष्टी इतिहास वेगवेगळ्या वहीत लिहीत नाही. पुढे २०१५ मध्ये विद्यापीठाने आपल्या मोठ्या मैदानाला दिलेले बर्ड यांचे नाव याच कारणासाठी काढून टाकले.

अशा वातावरणात नवे क्रीडागृह उभे राहिले. जुने रिची कलोसियम विद्यापीठाच्या वाढत्या विद्यार्थिसंख्येला आणि बास्केटबॉलच्या वाढत्या लोकप्रियतेला अपुरे पडू लागले होते. नव्या इमारतीचे अधिकृत नाव ‘विल्यम पी. कोल धाकटे विद्यार्थी उपक्रम भवन’ असे होते. कोल हे न्यायाधीश होते, अमेरिकन काँग्रेसचे सदस्य राहिले होते आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. एवढे लांबलचक नाव विद्यार्थ्यांच्या जिभेवर बसणे अशक्यच. सर्वांसाठी ते ‘कोल’ झाले. वर कमानदार भव्य छत, मध्ये दृष्टी अडवणारा एकही खांब नाही, आणि बारा हजारांहून अधिक प्रेक्षकांची सोय. पुढे ही संख्या साडेचौदा हजारांपर्यंत गेली. २ डिसेंबर १९५५ रोजी झालेल्या पहिल्या सामन्यात मेरिलँडने शेजारच्या व्हर्जिनिया विद्यापीठावर ६७–५५ असा विजय मिळवला. त्या दिवशी मेरिलँडच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. वास्तू नवी होती, रीत जुनीच होती.

ही रीत मोडणारे पहिले दोन विद्यार्थी म्हणजे डॅरिल हिल आणि बिली जोन्स. हिल अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल खेळत. १९६३ मध्ये ते मेरिलँडकडून मैदानात उतरले आणि दक्षिणेकडील विद्यापीठांच्या ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ या संघटनेतील पहिले कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ठरले. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनातील क्लेम्सन विद्यापीठात सामना होता. मुलाचा खेळ पाहायला आलेल्या त्यांच्या आईला प्रवेशद्वारावरच अडवण्यात आले. ही गोष्ट क्लेम्सनचे अध्यक्ष रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या कानावर गेली, तेव्हा ते स्वतः त्या माउलीला आपल्या खास कक्षात घेऊन गेले. एका दारात नियम उभा होता आणि त्याच दारातून एक माणूस तो नियम बाजूला सारून तिला आत नेत होता. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या. बदल बहुधा असाच येतो.

बिली जोन्स मेरिलँडमधीलच टाउसनचे. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळण्याची परवानगी नसे. त्यामुळे १९६५ च्या डिसेंबरमध्ये त्यांना मुख्य संघात स्थान मिळाले आणि ते त्या संघटनेतील पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू झाले. कोलच्या जमिनीवर आपल्याच विद्यापीठाचा गणवेश घालून उभा राहिलेला हा तरुण ज्या हंगामात पहिल्यांदा खेळला, त्याच हंगामाच्या अखेरीस त्या जमिनीवर इतिहासाने मोठे वळण घेतले. परंतु त्याआधी एका शालेय सामन्याची आठवण सांगणे आवश्यक आहे.

टेनिसच्या रॅकेटी आणि एक शालेय सामना

न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेचा संघ सलग ७१ सामने जिंकून आला होता. त्याचा आधारस्तंभ होता सात फूट उंचीचा ल्यू अल्सिन्डॉर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगप्रसिद्ध झाला. त्याच्यासमोर उभी होती कॉलेज पार्कजवळच्या हायट्सव्हिल येथील डीमॅथा शाळा. आदल्या वर्षी याच दोन शाळांच्या सामन्यात डीमॅथाला थोडक्यात हार पत्करावी लागली होती. प्रशिक्षक मॉर्गन वूटन यांनी या खेपेस एक युक्ती योजली. अल्सिन्डॉरच्या लांब हातांवरून चेंडू टाकण्याची सवय व्हावी म्हणून सरावात त्यांनी बचाव करणाऱ्या खेळाडूच्या हाती टेनिसची रॅकेट दिली. त्या उंचावलेल्या रॅकेटीवरून चेंडू टोपलीत कसा जाईल, याचा अभ्यास मुलांनी केला.

३० जानेवारी १९६५ रोजी कोल फील्ड हाउस प्रेक्षकांनी खच्चून भरले होते. शाळकरी मुलांच्या सामन्याला एवढी गर्दी! डीमॅथाने तो सामना ४६–४३ असा जिंकला आणि ७१ विजयांची मालिका खंडित झाली. अल्सिन्डॉरला त्यांनी १६ गुणांवर रोखून धरले होते. वूटन पुढेही अनेक दशके त्याच शाळेत शिकवीत राहिले. अमेरिकेतील सर्वांत यशस्वी शालेय प्रशिक्षकांत त्यांची गणना होते आणि नेस्मिथ यांच्या नावाच्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरात त्यांना मानाचे स्थान मिळाले. प्रतिभेला उत्तर शोधायचे तर आधी अडचण नीट मोजावी लागते आणि घरात असलेल्या साधनांनीच सराव करावा लागतो, हा धडा त्या रॅकेटींनी दिला.

१९ मार्च १९६६

अमेरिकेतील विद्यापीठांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना १९६६ मध्ये कोल फील्ड हाउसमध्ये होता. एका बाजूला केंटकी विद्यापीठ. देशात पहिल्या क्रमांकाचा मानला गेलेला संघ, आधीची चार राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून देणारे विख्यात प्रशिक्षक अडॉल्फ रप आणि सर्वच्या सर्व गोरे खेळाडू. दुसऱ्या बाजूला टेक्ससच्या सीमेवरील एल पासो गावचे, फारसे कोणाला ठाऊक नसलेले टेक्सस वेस्टर्न महाविद्यालय आणि त्याचे तरुण प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स. हॅस्किन्स यांच्या संघात बारा खेळाडू होते. त्यांपैकी सात कृष्णवर्णीय होते. सामना सुरू झाला तेव्हा त्यांनी बॉबी जो हिल, डेव्हिड लॅटिन, ऑर्स्टन आर्टिस, विली वर्स्ली आणि हॅरी फ्लोर्नॉय हे पाच खेळाडू जमिनीवर उतरवले. पाचही कृष्णवर्णीय. नेविल शेड आणि विली केगर यांना नंतर संधी मिळाली, तेही कृष्णवर्णीय. त्या रात्री टेक्सस वेस्टर्नकडून या सातांखेरीज कोणीही खेळले नाही.

आज ही बाब किरकोळ वाटेल. त्या काळी ती किरकोळ नव्हती. एका वेळी जमिनीवर किती कृष्णवर्णीय खेळाडू असावेत, याविषयी अनेक प्रशिक्षकांनी मनाशी अलिखित मर्यादा आखून घेतल्या होत्या. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाने १९६३ मध्ये चार कृष्णवर्णीय खेळाडूंसह अजिंक्यपद जिंकले होते. पण अंतिम सामन्याच्या आरंभी पाचही खेळाडू कृष्णवर्णीय असणे हे प्रथमच घडत होते. कृष्णवर्णीय खेळाडू चपळ खरे, परंतु डोके थंड ठेवून शिस्तीने खेळणे त्यांना जमत नाही, असा एक समज तेव्हा राजरोस बोलून दाखवला जाई.

त्या समजाला सामन्यानेच उत्तर दिले. सामन्याच्या पूर्वार्धात बॉबी जो हिल यांनी केंटकीच्या चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूंच्या हातून लागोपाठ दोनदा चेंडू काढून घेतला आणि दोन्ही वेळा एकट्याने धावत जाऊन गुण केले. काही क्षणांचा हा खेळ. पण सामन्याची नाडी तेथेच बदलली. केंटकीने टोपलीकडे ७० वेळा चेंडू टाकला, त्यांपैकी २७ यशस्वी झाले. टेक्सस वेस्टर्नने ४९ वेळा टाकला आणि २२ यशस्वी केले. खरा फरक पडला तो फ्री थ्रोमध्ये, म्हणजे खेळ थांबलेला असताना, सर्वांच्या नजरा रोखलेल्या असताना, एकट्याने उभे राहून चेंडू टाकण्यात. टेक्सस वेस्टर्नने अशा ३४ संधींपैकी २८ साधल्या, केंटकीला १३ पैकी ११ साधता आल्या. डोके थंड ठेवता येते की नाही, याची याहून नेमकी परीक्षा बास्केटबॉलमध्ये दुसरी नाही. अंतिम गुणसंख्या ७२–६५. हिल यांनी २० गुण केले होते. चौदा हजारांहून अधिक प्रेक्षक या घटनेचे साक्षी होते.

नवलाची गोष्ट अशी की दुसऱ्या दिवशी बहुतेक वृत्तपत्रांनी खेळाडूंच्या वर्णाचा उल्लेखही केला नाही. आपण सर्वांत चांगले खेळाडू उतरवले, एवढीच हॅस्किन्स यांची भूमिका होती. मात्र लोकांना जे कळायचे ते कळले होते. हॅस्किन्स यांना द्वेषाने भरलेली पत्रे ढिगाने आली. पुढील काही वर्षांत दक्षिणेकडील विद्यापीठे एकामागून एक कृष्णवर्णीय खेळाडू घेऊ लागली. खुद्द केंटकीच्या संघात १९७०-७१ च्या हंगामात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळला. त्या रात्री हरलेल्या संघातील पॅट रायली पुढे नामवंत व्यावसायिक प्रशिक्षक झाले. अल्सिन्डॉर, म्हणजे तोवर झालेले करीम अब्दुल-जब्बार, त्यांच्याच संघाचे आधारस्तंभ होते. २००७ मध्ये टेक्सस वेस्टर्नच्या त्या संपूर्ण संघाला बास्केटबॉल कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. तोपर्यंत बॉबी जो हिल हयात नव्हते.

दुसरी दारे

यानंतर कोलमध्ये आणखी दारे उघडली. १९७१ मध्ये जपानमधील नागोया येथे टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा चालू असताना अमेरिकन खेळाडू ग्लेन कोवन आपल्या संघाची बस चुकल्यामुळे चिनी संघाच्या बसमध्ये चढले. दोन्ही देशांत तेव्हा राजनैतिक संबंध नव्हते. बसमध्ये अवघडलेली शांतता पसरली. अखेर चीनचे माजी जगज्जेते च्वांग त्सेतुंग पुढे आले आणि त्यांनी कोवन यांना पर्वतांचे चित्र असलेले रेशमी वस्त्र भेट दिले. त्या एका भेटीतून अमेरिकन संघाला चीनचे आमंत्रण गेले, १९७२ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले आणि एप्रिलमध्ये चिनी संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर आला. त्या दौऱ्यातील सामने कोल फील्ड हाउसमध्येही झाले. दहा फुटी टोपल्यांच्या त्या घरात हिरवी टेबले मांडली गेली आणि दोन दशके एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या देशांचे खेळाडू समोरासमोर उभे राहिले.

१९७२ च्या जूनमध्ये अमेरिकेत आणखी एक कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगे आणि मुली असा भेदभाव करता येणार नाही, असे त्याच्या नवव्या प्रकरणाने ठरवले. ‘टायटल नाइन’ या नावाने तो ओळखला जातो. कायद्यात खेळ हा शब्द ठळकपणे नव्हता, पण त्याचा सर्वांत दृश्य परिणाम क्रीडांगणावर झाला. मोठी क्रीडागृहे तोवर मुलग्यांची, मुलींच्या वाट्याला उरलेली व्यायामशाळा, अशीच सर्वत्र वाटणी होती. २६ जानेवारी १९७५ रोजी कोलमध्ये मेरिलँड आणि इमॅक्युलाटा या दोन महिला संघांचा सामना झाला. महाविद्यालयीन महिलांचा राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरून दाखवला गेलेला हा पहिला बास्केटबॉल सामना होता. इमॅक्युलाटा हे पेनसिल्व्हेनियातील लहानसे महिला महाविद्यालय, ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेले. प्रशिक्षिका कॅथी रश यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले होते. त्यांच्या सामन्यांना वृद्ध जोगिणी बादल्या बडवून उत्तेजन देत, ही आठवण आजही सांगितली जाते. मेरिलँडचा त्या दिवशी ८०–४८ असा पराभव झाला. पण घरोघरी पडद्यासमोर बसलेल्या मुलींना कोण हरले यापेक्षा तेथे मुली खेळत आहेत हेच अधिक दिसले असणार. त्याच वर्षी ख्रिस वेलर या मेरिलँडच्याच माजी विद्यार्थिनीने महिला संघाची सूत्रे हाती घेतली आणि २००२ पर्यंत, म्हणजे कोलच्या अखेरच्या हंगामापर्यंत, ती समर्थपणे सांभाळली.

एल्व्हिस प्रेस्ली यांचे कार्यक्रम १९७४ मध्ये याच छताखाली झाले. १९७० चा राष्ट्रीय अंतिम सामनाही येथेच रंगला आणि जॉन वुडन यांच्या यूसीएलए संघाने जॅक्सनव्हिलचा ८०–६९ असा पराभव केला. लेफ्टी ड्रिसेल यांच्या प्रशिक्षकपदाच्या काळात कोलमधील सामने म्हणजे यजमानांचा उत्सव आणि पाहुण्यांची धडकी, अशी ख्याती झाली.

एक शोकसभा

वास्तूच्या वाट्याला केवळ उत्सव येत नाहीत. मेरिलँडचा लेन बायस हा १९८० च्या दशकातील अत्यंत गुणी खेळाडू. १७ जून १९८६ रोजी बॉस्टन सेल्टिक्स या विख्यात व्यावसायिक संघाने त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून दुसऱ्याच क्रमांकावर त्याची निवड केली. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, कोकेनच्या सेवनामुळे, विद्यापीठाच्या वसतिगृहातील खोलीत तो कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. तो २२ वर्षांचा होता. ज्या जमिनीवर त्याने प्रेक्षकांना उठून उभे राहायला लावले होते, तेथेच हजारो लोक त्याच्या शोकसभेसाठी जमले.

पुढच्या चौकशीत आणखी एक कटू सत्य बाहेर आले. चार वर्षे विद्यापीठासाठी खेळूनही पदवीपासून तो २१ श्रेयांक दूर होता. खेळाडू म्हणून त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवली जात होती, पण विद्यार्थी म्हणून तो कोठे मागे पडतो आहे याकडे तितक्या काळजीने पाहिले गेले नव्हते. ऑक्टोबरमध्ये ड्रिसेल यांनी प्रशिक्षकपद सोडले. त्याच महिन्यात अमेरिकेत अमली पदार्थांविरुद्ध कठोर कायदा झाला. त्याच्यामागे बायसच्या मृत्यूने उसळलेल्या लोकक्षोभाचा मोठा वाटा होता. त्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅक बाळगल्यास जी किमान शिक्षा ठरवली, तीच पूड स्वरूपातील कोकेनच्या बाबतीत पाचशे ग्रॅमला लागू होती. या तफावतीची झळ प्रामुख्याने गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांना बसली. २०१० मध्ये कायदा बदलून ती कमी करावी लागली. दुःखाच्या भरात घाईने उचललेले पाऊल कोणाच्या पाठीवर पडेल, हे आधी पाहावे लागते. कोलच्या इतिहासातील हा सर्वांत जड धडा आहे. दार उघडून एखाद्या मुलाला आत घेणे ही कामाची सुरुवात असते. आत आल्यावर त्याचा हात धरून ठेवणे हे त्याहून अवघड काम असते.

निरोप आणि नवे नाव

१९८९ मध्ये गॅरी विल्यम्स यांनी खचलेल्या संघाची धुरा घेतली. विद्यार्थिदशेत ते याच जमिनीवर, बिली जोन्स यांच्या सोबतीने खेळले होते. संघ उभा करायला त्यांना अनेक वर्षे लागली. २००१-०२ हा कोलमधील अखेरचा हंगाम ठरला, कारण विद्यापीठाने अधिक मोठे, आधुनिक क्रीडागृह बांधले होते. त्या हंगामात मेरिलँडने कोलमध्ये एकही सामना गमावला नाही. ३ मार्च २००२ रोजी झालेल्या निरोपाच्या सामन्यात प्रतिस्पर्धी होता व्हर्जिनिया, पहिल्या दिवशीचाच पाहुणा. मेरिलँडने तो ११२–९२ असा जिंकला. जेथून आरंभ झाला तेथेच समाप्ती, असे वर्तुळ पूर्ण झाले. महिन्याभरातच, १ एप्रिल रोजी, अटलांटा येथे इंडियाना विद्यापीठाचा ६४–५२ असा पराभव करून मेरिलँडने आपले पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. जुन्या घराने जाता जाता दिलेला तो आशीर्वादच म्हणावा.

इमारत पाडली गेली नाही. तिचे कमानदार छत राखून आतील भागाची पुनर्रचना झाली. जेथे लाकडी जमीन होती तेथे आता हिरवळीसारखे मैदान अंथरलेले आहे आणि फुटबॉलपटू त्यावर सराव करतात. या नूतन वास्तूला दिलेले नाव मात्र थांबून वाचावे असे आहे: ‘जोन्स-हिल हाउस’. नियामक मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाने उभ्या राहिलेल्या इमारतीवर दोन विद्यार्थ्यांची नावे झळकली. ती उमटली कशामुळे, तर एके काळी जे दार त्यांच्यासारख्यांसाठी बंद होते त्यातून ते आधी आत गेले, आणि मागून येणाऱ्यांसाठी ते उघडे राहिले.

शाळांच्या इमारतीही जुन्या होतात. बाके बदलतात, फळे बदलतात, मैदानाच्या कडेला नव्या भिंती उठतात. मराठी मुलखापासून दूर, अन्य भाषांच्या गजबजाटात साठ वर्षे टिकून राहिलेल्या शाळेला तर दाराचे मोल कोणी सांगायला नको. मायबोलीत शिकू पाहणाऱ्या मुलासाठी ते उघडे ठेवणे हेच तिच्या स्थापनेचे प्रयोजन होते. हीरकमहोत्सवात चषकांची आणि गुणवंतांची यादी वाचली जाईल, आणि ती वाचली जावीच. त्या यादीसोबत आणखी दोन प्रश्न विचारले जावेत: या दारातून आत येण्याचे धैर्य ज्यांना आधी करावे लागले ती मुले कोण होती, आणि अजूनही दाराबाहेर कोण उभे आहे? टोपलीची उंची सर्वांना सारखीच राहणार आहे. दाराविषयी आपण जे बोलू, त्याला वास्तू ‘तथास्तु’ म्हणेल.